मॉडेल टी मिसिंग मारतेय? पाना उचलायच्या आधी कान लावा

जुनी गाडी मिसिंग मारायला, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकवायला लागली की भोवती जमलेल्या प्रत्येकाला पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटरच आठवतो. एक जण जेट उघडायला सांगतो, दुसरा पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई पाव फेरा फिरवायला. सुरुवातीला मीही तेच करायचो. एकदा लागोपाठ दोन रविवार कार्ब्युरेटर तीनदा उघडला, धुतला, बसवला. शेवटी दोष निघाला ठिणगीची पाळी ठरवणाऱ्या टायमरच्या एका वायरीत. वरचं आवरण धडधाकट, आतली तार मात्र तुटलेली. तेव्हापासून आधी ऐकायचं आणि मग पाना उचलायचा, अशी सवय लावून घेतली.

सगळ्या जुन्या गाड्यांना एकच औषध लागू पडत नाही, म्हणून इथे एकच गाडी घेतो : फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या वर बनलेली, २.९ लिटरची, चार सिलिंडरची, जेमतेम २० अश्वशक्तीची. कॅनडातल्या फोर्ड कारखान्याच्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या टी आपल्याकडेही आल्या आणि १९२६ साली फोर्डने भारतासाठी वेगळी कंपनी काढली ती मुंबईत. शिकायला ही गाडी उत्तम, कारण तिचं जवळपास सगळं उघड्यावर आहे आणि दोष शोधायची निम्मी हत्यारं गाडीतच बसवलेली आहेत.

आधी ठिणगी कशी पडते ते समजून घ्या

नंतर बरीच वर्षं गाड्यांत ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी एक कॉइल आणि ती वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवणारा एक डिस्ट्रिब्युटर असायचा. टीमध्ये डिस्ट्रिब्युटरच नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल, अशा चार कॉइल एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवलेल्या. प्रत्येक कॉइलच्या डोक्यावर एक लवचिक पाती असते. कॉइलला करंट मिळाला की ती विजेच्या घंटीसारखी थरथरते, गुणगुणते. त्यामुळे प्लगला एकच ठिणगी मिळत नाही, ठिणग्यांची सर मिळते.

कोणत्या कॉइलची पाळी आहे ते ठरवतो टायमर. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला, कॅमशाफ्टच्या टोकावर बसतो. आत एक फिरता रोलर आणि बाहेरच्या कड्यात चार ठिपके. रोलर ज्या ठिपक्याला टेकतो त्या कॉइलचं सर्किट अर्थ होऊन पूर्ण होतं आणि ती गुणगुणायला लागते. क्रम १-२-४-३. पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. आजच्या बहुतेक चार सिलिंडर गाड्यांचा क्रम १-३-४-२ असतो आणि हात त्याच सवयीने वायरी जोडतो, म्हणून हा क्रम बॉनेटच्या आत खडूने लिहून ठेवा. मी ठेवला आहे.

करंट दोन ठिकाणांहून येऊ शकतो : बॅटरीतून, किंवा फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर) बसवलेल्या १६ लोहचुंबकांच्या मॅग्नेटोमधून, म्हणजे इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या यंत्रातून. किल्ली एकीकडे फिरवली की बॅटरी, दुसरीकडे फिरवली की मॅग्नेटो. ही किल्ली पुढे फार उपयोगी पडणार आहे.

हात घालण्यापूर्वी

हँडल मारताना ठिणगीची वेळ बदलणारा स्पार्कचा दांडा पूर्ण मागे, म्हणजे वर, रिटार्डवर (ठिणगी उशिरा पडेल असा) ठेवा. ठिणगी लवकर पडली तर पिस्टन उलटा फेकला जातो आणि हँडल मनगटावर येतं. या गाड्यांच्या काळात मनगट मोडणं इतकं नेहमीचं होतं की डॉक्टर हाड पाहूनच कारण ओळखत. डाव्या हाताने धरा, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडल खालून वर ओढा. खाली दाबून कधीही मारू नका.

चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. टीच्या क्लचमध्ये थंड तेल चिकटतं आणि इंजिन सुरू झाल्या झाल्या गाडी मालकाच्या अंगावर सरकते. यात अतिशयोक्ती नाही, ही खरोखर चालते. प्लग काढून ठिणगी पाहायची असेल तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करा, सांडलेलं पुसा, थोडं थांबा, बादलीभर वाळू जवळ ठेवा. पाणी नको, पेटलेलं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

पायरी पहिली : आवाज कुठून आला?

इंजिन सुरू करून, गरम होऊ देऊन, मागे जा आणि सायलेन्सरच्या नळीशी कान लावा. मग पुढे येऊन कार्ब्युरेटरशी. तीन वेगळे आवाज ओळखता आले पाहिजेत.

फक्त ठोका चुकतोय, स्फोट नाही, हे साधं मिसिंग. ठोका ठरावीक तालात चुकत असेल, म्हणजे फट-फट-फट-हं, फट-फट-फट-हं, तर एकच सिलिंडर आजारी आहे. तालच नसेल, कधी हा तर कधी तो चुकत असेल, तर दोष चौघांच्या सामाईक गोष्टीत आहे : पेट्रोल, मॅग्नेटो, टायमर किंवा सैल अर्थिंग.

कार्ब्युरेटरच्या तोंडातून फस्सकन शिंक येते ती वेगळी. मिश्रण पातळ असेल तर ते हळू जळतं. इतकं हळू, की पुढच्या खेपेला इनलेट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत धग असते आणि ती उलट दिशेने बाहेर येते. इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा टायमरच्या वायरी उलटसुलट लागल्या असतील तरीही शिंक येते.

आणि सायलेन्सरमधला फटाका. नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. फटाका वाजतो म्हणून ते सायलेन्सर तपासतात, एक्झॉस्टची गॅस्केट बदलतात. फटाक्याचं पेट्रोल आलं कुठून, हे विचारायला हवं. ज्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही त्याने ते न जळता मागे ढकललं, आणि पुढच्या सिलिंडरच्या तापलेल्या धुराने ते सायलेन्सरमध्ये पेटवलं. म्हणजे बहुतेक वेळा फटाका हे मिसिंगचंच दुसरं टोक असतं. मिसिंग गेलं की फटाकाही जातो. जे फटाके असे जात नाहीत त्यांच्याकडे शेवटी येऊ.

पायरी दुसरी : आजारी सिलिंडर शोधा

यासाठी टीइतकी सोय दुसऱ्या कुठल्या गाडीत मला सापडली नाही. कॉइलपेटीचं झाकण काढा. जुन्या गाड्यांत पेटी ड्रायव्हरसमोर डॅशवर असते, १९२६-२७ च्या गाड्यांत बॉनेटखाली इंजिनाला लागून. कोणती कॉइल कोणत्या सिलिंडरची हे वायर धरून एकदा पक्कं करा.

इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवा. आता पहिल्या आणि चौथ्या कॉइलच्या पात्या दाबून धरा, म्हणजे त्या थरथरणार नाहीत. जुने मेकॅनिक हे बोटांनी करत. मी कुल्फीच्या कोरड्या काड्या वापरतो, कारण झटका जीवघेणा नसला तरी हात झटकन मागे येतो आणि तो पंख्याच्या दिशेने येऊ नये. आता इंजिन दुसऱ्या आणि तिसऱ्यावरच चाललं आहे. ते दोघे ठोका न चुकवता चालत असतील तर दोष एक किंवा चारमध्ये. चौथी सोडा आणि पहिली, दुसरी, तिसरी दाबा. एकटा चौथा एकसारखा चालला तर आजारी पहिला. याच रीतीने उरलेल्यांची पाळी घ्या.

थंड इंजिनात आणखी एक सोपी खूण : सुरू करून मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळीवर), प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी, पाण्याचे थेंब टाका. तिघांवर चुर्र होईल, आजाऱ्यावर पाणी तसंच राहील. फक्त थेंब, लोटाभर नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर तडा जातो.

पायरी तिसरी : अदलाबदल, एका वेळी एकच

समजा तिसरा चुकतोय. इंजिन बंद करा, किल्ली काढा. तिसरी कॉइल पेटीतून वर ओढून काढा, दुसरीच्या जागी बसवा, आणि दुसरी तिसरीच्या जागी. पान्याची गरज नाही, कॉइल आत सरकवूनच बसवलेल्या असतात. पुन्हा सुरू करा. आता दुसरा चुकायला लागला तर कॉइल दोषी. तिसराच चुकत राहिला तर कॉइल निर्दोष, तिला परत जागेवर ठेवा. मग प्लगची अदलाबदल. मग प्लगच्या वायरीची.

दोन गोष्टी एकदम बदलायचा मोह होतो, विशेषतः ऊन चढलेलं असताना. तो आवरा. दोन्ही बदलल्या आणि गाडी सुधारली, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही आणि दोषी वस्तू सुट्या भागांच्या डब्यात चांगली म्हणून जाऊन बसेल. माझ्याकडे असा एक प्लग वर्षभर होता.

प्लग काढला आहे तर त्याचा चेहराही वाचा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड. ओला तेलकट म्हणजे रिंग किंवा सिलिंडर झिजलेला. पांढुरका, भाजल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ. विटकरी-तपकिरी असेल तर शांतपणे परत लावा. गॅप ०.०२५ ते ०.०३० इंच.

कॉइल दोषी निघाली तर पातीच्या पॉइंटवर, म्हणजे ती टेकते त्या धातूच्या ठिपक्यांवर, बारीक पॉलिश पेपर फिरवून पाहा, पाती दाबलेली असताना गॅप ०.०३० इंचाच्या आसपास आहे ना ते मोजा. त्यापुढे जाऊ नका. पातीचा ताण कानाने ‘लावणारे’ उस्ताद भेटतील आणि गुणगुण सुरेल झाली म्हणून खूष होतील, पण आवाजावरून ठिणगीची वेळ कळत नाही. चारही कॉइल सारख्या वेळात पेटल्या पाहिजेत. त्यासाठी हाताने फिरवायचं कॉइल-टेस्टर यंत्र लागतं, आणि त्यावर प्रत्येक कॉइल १.३ अँपियरला लावतात. शिवाय पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा, शंभर वर्षांपूर्वीचा मेणकागदाचा कंडेन्सर कॉइलच्या आत डांबरात बुडवलेला असतो आणि तो बहुतेकदा गळका झालेला असतो. तो बदलल्याशिवाय पॉइंट कितीही घासले तरी महिन्याभरात पुन्हा जळतात.

पायरी चौथी : टायमर आणि त्याच्या वायरी

कॉइल, प्लग, प्लगची वायर, तिन्ही निर्दोष? मग संशयित टायमर. सर्वात जास्त वेळ इथे द्या.

टायमर इंजिनाच्या तळाशी, तेल आणि धुळीच्या राज्यात बसतो. स्पार्कचा दांडा हलवला की त्याचं कवच फिरतं आणि त्याच्याबरोबर चारही वायरी वाकतात. हजारो वेळा वाकून आतली तार तुटते, बाहेरचं आवरण तसंच राहतं. म्हणून ही चाचणी करा : इंजिन चालू असताना स्पार्कचा दांडा हळूहळू वरपासून खालपर्यंत न्या. दांडा एका विशिष्ट जागी आला की मिसिंग सुरू आणि पुढे नेला की बंद, असं झालं तर तार तुटलेली आहे असं समजा. माझे ते दोन रविवार याच चाचणीत दोन मिनिटांत वाचले असते.

याच्या उलटा दोष जास्त धोक्याचा आहे. वायरीचं आवरण झिजून तार लोखंडाला टेकली तर ती कॉइल टायमरची वाट न पाहता सतत गुणगुणत राहते. पिस्टन कुठेही असो, ठिणगी पडतेच. कार्ब्युरेटर शिंकतो, सायलेन्सर फुटतो, आणि हँडल उलटं येतं. म्हणून हँडलला हात लावण्यापूर्वी किल्ली बॅटरीवर फिरवून ऐका. एका वेळी फार तर एकच कॉइल गुणगुणली पाहिजे. दोन गुणगुणत असतील तर किल्ली बंद करून आधी वायर शोधा.

टायमर उघडून आतलं कडं पाहा. रोलरने ठिपक्यांच्या आसपास खड्डे पाडले असतील तर वेग वाढला की रोलर उड्या मारतो. हळू चालताना गाडी गुळगुळीत आणि रस्त्यावर वेग घेतला की चौघेही आळीपाळीने चुकतात, ते यामुळे. रोलरच्या टायमरला तेल लागतंच, पण घट्ट काळं तेल साचलं तर तेच करंट अडवतं. रॉकेलने धुवा, पुसा, पातळ तेलाचे चार थेंब सोडा. नंतरच्या ब्रशवाल्या टायमरला मात्र रोलरसारखं तेल पाजू नका.

टायमिंग तपासायचं असेल तर चारही प्लग काढा, पेट्रोल बंद करा, स्पार्कचा दांडा पूर्ण रिटार्डवर, किल्ली बॅटरीवर. हँडल अगदी हळू फिरवा आणि पहिल्या सिलिंडरच्या भोकातून एक पातळ काडी सोडून पिस्टनची चाल पाहा. कॉम्प्रेशनच्या खेपेला पिस्टन वर येऊन खाली उतरायला लागला की तेव्हाच पहिली कॉइल गुणगुणली पाहिजे. वर चढत असतानाच गुणगुणली तर टायमरला जोडलेली सळई वाकवून दुरुस्त करा, आणि ते होईपर्यंत कुणालाही हँडल मारू देऊ नका.

कॉइलपेटीच्या लाकडाचंही इथेच सांगतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात गाडी ठेवली तर लाकूड ओल धरतं आणि वीज एका कॉइलकडून दुसरीकडे पाझरते. अंधारात झाकण काढून पाहिलं तर निळसर रेघा सरपटताना दिसतात. पेटी काढून दोन दिवस कोवळ्या उन्हात ठेवली की बऱ्याचदा बरं वाटतं. लाकूड काजळून वीज जायची वाट कायमची पडली असेल तर आतल्या लाकडाच्या जागी प्लास्टिकचे तुकडे बसवणं हाच उपाय.

पायरी पाचवी : किल्लीची साक्ष

बॅटरीवर गाडी छान आणि मॅग्नेटोवर मिसिंग, तर कॉइल आणि टायमरच्या मागे लागण्याआधी मॅग्नेटोकडे वळा. गिअरबॉक्सच्या झाकणावर मॅग्नेटोचा खिळा तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. गिअरबॉक्समधल्या पट्ट्यांच्या (बँडच्या) कापडाचे धागे आणि गाळ त्याच्या टोकाला जाळं करतात. स्क्रू काढा, पुसा, लावा. स्क्रू आत पडू देऊ नका. एवढ्याने भागलं नाही तर चुंबक क्षीण झाले असतील, आणि ते मोठं काम आहे, त्यासाठी अनेकदा इंजिन उतरवावं लागतं.

एक सक्त ताकीद : बॅटरीची वायर मॅग्नेटोच्या खिळ्याला कधीही, चाचणी म्हणूनही, लावू नका. चुंबक क्षणात उतरतात.

नवख्याला घाबरवणारी एक गोष्ट मात्र दोष नाही. मॅग्नेटोचा करंट फ्लायव्हीलच्या एका फेऱ्यात १६ वेळा चढतो-उतरतो, दर साडेबावीस अंशांनी एकदा. ठिणगी त्या चढावरच पडते. त्यामुळे मॅग्नेटोवर स्पार्कचा दांडा हळू सरकवला तर इंजिन एकसारखं न बदलता पायरी-पायरीने बदलतं. तिला तसंच असू द्या.

पायरी सहावी : आता कार्ब्युरेटर

इथवर येऊनही शिंका चालू असतील तर पेट्रोल. बहुतेक टींत टाकी सीटखाली आणि पंप नाही, पेट्रोल उतारानेच येतं. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढावर गाडी गुदमरते, त्यात बिघाड काही नाही. त्या काळी लोक अशा चढावर गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवत. टाकीखालची गाळाची वाटी आणि कार्ब्युरेटरचा तळ मोकळा करा. पाणी असेल तर बाटलीत थेंब खाली बसलेले दिसतील.

सुई बसवताना हलक्या हाताने बंद करा, पिळू नका. टोकाला वळ पडला की ती कधीच नीट लागत नाही. सुमारे दीड फेरा उघडून गाडी सुरू करा. गरम झाल्यावर सुई बंद करत न्या, ठोका चुकायला लागला की हळूहळू परत उघडा आणि इंजिन सावरलं की थांबा. इनलेटच्या सांध्यांवर तेलाच्या डब्याने थेंब सोडा. तेल आत शोषलं गेलं आणि चाल बदलली तर तिथून हवा शिरते आहे. यासाठी पेट्रोल शिंपडणारे महाभाग असतात, तुम्ही त्यांच्यात नको.

जुन्या कार्ब्युरेटरात बुचाचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) असेल तर आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्याचं लाखेचं आवरण विरघळवतं. बूच पेट्रोल पितं, जड होतं, बुडतं. मग कार्ब्युरेटरची वाटी भरून वाहते, प्लग काळे पडतात, मागे फटाके. सुई फिरवून हे सुटत नाही, फ्लोट बदलावा लागतो.

पायरी सातवी : व्हॉल्व्ह

हँडल हळू वर ओढा. अर्ध्या फेऱ्यागणिक एका सिलिंडरचा जोर हाताला जाणवतो. चारपैकी एक पोकळ लागला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला उचलणारा पुशरॉड यांच्यातली फट एक चौसष्टांश ते एक बत्तिसांश इंच हवी. मूळच्या पुशरॉडला फट लावायचा स्क्रू नाही, दांडी घासूनच ती मिळवतात. जास्त घासली की गेली. मूळचे व्हॉल्व्ह अजून आत असतील तर ते बदला : बिडाचं डोकं आणि पोलादी दांडी असे दोन तुकडे जोडलेले आहेत, आणि डोकं सुटून पिस्टनवर पडलं की इंजिनाचा खर्च होतो.

मिसिंग गेलं, फटाके राहिले

ठोका एकही चुकत नाही, तरी मागे आवाज येतो? स्पार्कचा दांडा पाहा. सुरू करताना मागे घेतलेला दांडा पुढे आणायला नवखे विसरतात. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहतं, मॅनिफोल्ड लालबुंद होतो आणि पाणीही उकळतं. उतारावर थ्रॉटल सोडल्यावरच फटाके येत असतील तर मॅनिफोल्ड आणि नळीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आहे, सांधा आवळा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला असेल तर फटाक्याबरोबर हँडललाही तो सिलिंडर पोकळ लागेल.

उतारावर किल्ली बंद करून पुन्हा चालू करायची, मागच्यांना दचकवायचं, ही खोड या गाडीइतकीच जुनी आहे. सायलेन्सर म्हणजे पत्र्याचे डबे आणि दोन टोकांच्या टोप्या. जोराच्या फटाक्याने टोप्या सुटतात, शिवण उघडते. दुरुस्तीनंतर गाडीखाली एकदा वाका आणि शिवणीवरून हात फिरवा, अर्थात नळी थंड झाल्यावर.